किडनी प्रत्यारोपण: समजून घेताना आणि तयारी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी निकामी होत चालली आहे असं कळलं की बहुतेक घरांत डायलिसिसचीच चर्चा सुरू होते आणि प्रत्यारोपणाचा विषय 'पुढचं पुढे बघू' म्हणून मागे पडतो. तो मागे पडू नये यासाठी हे पान लिहिलं आहे. रुग्णाच्या आणि दात्याच्या तपासण्या, लसी, दात, हृदय या सगळ्याला महिने लागतात. तब्येत त्यातल्या त्यात बरी असते तेव्हाच हे उरकलेलं बरं. समुपदेशनाला येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे विचारतात, जवळपास त्यांच्याच शब्दांत इथे प्रश्न घेतले आहेत. औषधांचे आणि तपासण्यांचे निर्णय मात्र तुमचे रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

प्रत्यारोपणाचा विचार डायलिसिस सुरू झाल्यावर करायचा ना?

नाही, त्याच्या आधी. किडनी किती काम करते ते ईजीएफआर या आकड्यावरून कळतं. तो 15 च्या खाली गेला की किडनी निकामी झाली असं धरतात. आकडा 20 च्या आसपास आला की प्रत्यारोपण केंद्रात पहिली भेट व्हायला हवी. दाता तयार असेल तर डायलिसिसची सुई न टोचताही थेट प्रत्यारोपण होऊ शकतं आणि त्याचे निकाल चांगले असतात. डायलिसिसवर जितकी जास्त वर्षं जातात तितका हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण साठत जातो, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

डायलिसिस आधीच सुरू झालं असेल तर उशीर झाला असं समजून गप्प बसू नका. पुढच्याच भेटीत विचारा: 'मी प्रत्यारोपणासाठी योग्य आहे का? नसेन, तर का नाही?' दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर घेतल्याशिवाय उठू नका. कारण कळलं तर कित्येकदा ते दूर करता येतं.

डायलिसिस नीट चाललंय. मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीन रक्त शुद्ध करतं. निरोगी किडनी हे काम रात्रंदिवस करते. शिवाय ती रक्त वाढवणारं संप्रेरक तयार करते, ड जीवनसत्त्व कामाला लावते, रक्तदाब सांभाळते. मशीनला यातलं बरंचसं जमत नाही. ज्यांची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी आहे, त्यांना प्रत्यारोपणानंतर साधारणपणे जास्त आयुष्य मिळतं आणि पाण्याचे घोट मोजत बसावं लागत नाही.

तरीही हा एक उपचार आहे, आजार मुळापासून जात नाही. डायलिसिसच्या फेऱ्या थांबतात, पण गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या होतात. हृदय फारच कमजोर असेल किंवा रुग्णाचं स्वतःचं मन तयार नसेल, तर डायलिसिसवर राहणं हाही योग्य निर्णय असू शकतो. तो घेणाऱ्याला घरच्यांनी टोचून बोलू नये.

वय जास्त आहे, मधुमेहही आहे. मग सोडूनच द्यायचं का?

वयाची सरसकट मर्यादा नसते. सत्तरीतल्या माणसांचीही प्रत्यारोपणं होतात. मधुमेह असणाऱ्यांचीही होतात, फक्त त्यांचं हृदय आणि पायांच्या रक्तवाहिन्या जास्त बारकाईने तपासल्या जातात. अंगात चालू असलेला संसर्ग, उपचार न झालेला कॅन्सर, हृदयाचा गंभीर आजार ही थांबायला लावणारी कारणं आहेत. कॅन्सर बरा झाला असेल तर त्याच्या प्रकारानुसार काही काळ, बऱ्याचदा दोन ते पाच वर्षं, वाट पाहायला सांगतात.

वजन आणि तंबाखू या दोन गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत. तंबाखू कुठल्याही रूपात सोडा, आणि सोडायला मदत लागली तर ती मागा. बरीच केंद्रं तंबाखू सुटल्याशिवाय पुढे जात नाहीत आणि ते बरोबरच आहे.

इतक्या तपासण्या का? दातांचा आणि किडनीचा काय संबंध?

ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. त्या काळात किडलेली दाढ, जुना क्षयरोग, यकृतातली कावीळ असं काहीही लपलेलं असेल तर ते उसळी मारतं. म्हणून दातांचा डॉक्टर, हृदयाचा इको, लागल्यास अँजिओग्राफी, छातीचा एक्स-रे, कावीळ ब आणि क, एचआयव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस (प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढणारा एक विषाणू) हे सगळं तपासतात. लघवीच्या पिशवीत दोष असेल तर नवी किडनीही बिघडू शकते, म्हणून तीही पाहतात.

लसींचं आधीच उरकून घ्या. कावीळ ब, न्यूमोकोकल आणि फ्लूच्या लसी लागतात. कांजिण्या किंवा गोवर यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी घ्यायच्या राहिल्या असतील तर त्या ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी व्हायला हव्यात, कारण नंतर त्या देता येत नाहीत.

मूळ आजार कोणता होता तेही विचारून ठेवा. एफएसजीएस (किडनीतल्या बारीक गाळण्यांवर व्रण पडणारा आजार) यासारखे काही आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतात. तसं असेल तर डॉक्टर आधीपासून सावध राहतात.

किडनी कोण देऊ शकतं?

जिवंत दाता किंवा मृत्यूनंतरचं दान, असे दोन मार्ग आहेत. जिवंत दाता सज्ञान, निरोगी आणि स्वतःच्या मर्जीने देणारा हवा. नात्याबाहेरच्या दात्याबद्दल प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, म्हणून कागदपत्रांची चौकशी केंद्राच्या समन्वयकाकडेच करा. पैसे देऊन किडनी घेणं जवळपास सगळीकडे गुन्हा आहे. त्यात देणाऱ्याची पिळवणूक होतेच, शिवाय घाईघाईत उरकलेल्या तपासण्यांमुळे घेणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. 'ओळखीतून सोय होईल' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

मृत्यूनंतरच्या दानात बहुतेक वेळा मेंदूमृत व्यक्तीची किडनी मिळते. ती थंड द्रावणात ठेवून शक्य तितक्या लवकर, साधारण एका दिवसाच्या आत बसवायची धडपड असते.

रक्तगट जुळत नाही. संपलं का?

संपत नाही. ओ गटाचा दाता कुणालाही चालतो, एबी गटाचा रुग्ण कुणाचीही किडनी घेऊ शकतो, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे प्रश्न येत नाही. गट जुळलाच नाही तर दोन वाटा आहेत. एक, रुग्णाच्या रक्तातली विरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) औषधांनी आणि प्लाझ्मा बदलून कमी करायची आणि तीच किडनी बसवायची. दुसरी वाट अदलाबदलीची: तुमचा दाता दुसऱ्या रुग्णाला देतो, त्यांचा दाता तुम्हाला. जिथे अदलाबदल उपलब्ध आहे तिथे आधी तीच तपासून पाहावी असं माझं मत आहे, कारण औषधांचा भार कमी राहतो.

एचएलए आणि क्रॉसमॅच म्हणजे काय?

पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्या जितक्या जुळतील तितकं चांगलं, पण आजच्या औषधांमुळे एकही खूण न जुळणाऱ्या पती-पत्नींमध्येही प्रत्यारोपण उत्तम होतं. क्रॉसमॅचचं महत्त्व त्याहून मोठं आहे. रुग्णाचं रक्तद्रव्य आणि दात्याच्या पेशी एकत्र आणून बघतात. रुग्णाच्या रक्तात या दात्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार असतील तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो. हा पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी. रिपोर्ट हातात पडल्यावर नातेवाईकांचा चेहरा खुलतो आणि मग समजावून सांगावं लागतं, हे इतक्या वेळा होतं की इथे मुद्दाम लिहितो आहे.

ही प्रतिपिंडं पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे, आधीच्या प्रत्यारोपणामुळे किंवा गरोदरपणामुळे तयार होतात. मुलं झालेल्या स्त्रीच्या शरीरात नवऱ्याच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं असू शकतात, कारण बाळात वडिलांच्या खुणा असतात. म्हणूनच हिमोग्लोबिन कमी झालं की रक्ताची बाटली लावण्याआधी 'इंजेक्शनने वाढवता येईल का?' असं जरूर विचारा. तातडीच्या वेळी रक्त लागलं तर घ्यावंच लागतं, पण ते केंद्राला कळवा.

किडनी दिल्यावर दात्याचं पुढे काय होतं?

सगळ्यांत जास्त वेळ या प्रश्नाला द्यायला हवा आणि प्रत्यक्षात सगळ्यांत कमी वेळ यालाच दिला जातो.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं. दाता दोन ते चार दिवसांत घरी जातो, चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं. उरलेली किडनी काही आठवड्यांतच जास्त काम करू लागते आणि एकूण क्षमता आधीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास स्थिरावते. रोजच्या जगण्याला ती पुरते. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, तेव्हा रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगले. रोनाल्ड एका किडनीवर 2010 पर्यंत, म्हणजे 56 वर्षं जगले.

धोका शून्य मात्र नाही, आणि तो दात्यापासून लपवणं हा अन्याय आहे. भूल आणि ऑपरेशन यांचा थोडा धोका असतोच. स्वतः किडनीरुग्ण होण्याची शक्यता मोजक्याच दात्यांच्या बाबतीत खरी ठरते, पण तितक्याच निरोगी न-देणाऱ्या माणसापेक्षा ती थोडी जास्त असते. पुढे मूल हवं असणाऱ्या स्त्रीला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून दात्याने दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं, जन्मभर. वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आता घरातल्या गोष्टीबद्दल. आई पुढे येते, बहीण पुढे येते, बायको तर गृहीतच धरलेली असते. सगळे बसलेले असताना 'मी देते' म्हणणारी बाई खोलीत एकटी असताना कधी कधी वेगळं बोलते. दात्याचा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा आणि दात्याशी एकांतात बोलणं व्हावं, ते याचसाठी. दात्याला ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणता येतं. तो नाही म्हणाला तर केंद्र घरच्यांना 'दाता योग्य ठरला नाही' एवढंच सांगू शकतं. रुग्णांना माझी कळकळीची विनंती आहे: कुणाकडेही थेट मागू नका. आपल्याला काय झालंय, कोणते मार्ग आहेत ते सांगा आणि विचार करायला वेळ द्या.

मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव लागलं आहे. थांबण्याच्या काळात काय करायचं?

फोन कायम चालू ठेवा आणि घरातला आणखी एक नंबर केंद्राकडे द्या. गावाला जाताना, आजारी पडल्यावर, रक्त घेतल्यावर कळवा. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी ठरावीक काळाने रक्ताचा नमुना द्यावा लागतो, ती तारीख चुकवू नका. रोज चाला. डायलिसिसची पाळी बुडवू नका. एक छोटी पिशवी भरून ठेवा: सगळ्या औषधांची यादी, शेवटच्या डायलिसिसची नोंद, ओळखपत्र, चार्जर. फोन आला की खाणंपिणं थांबवून निघा.

फोन आला म्हणजे किडनी मिळालीच असं नसतं. शेवटच्या क्षणी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो, किडनीच बरी निघत नाही, आणि परत यावं लागतं. फार जिव्हारी लागतं ते. पण यादीतलं तुमचं स्थान त्यामुळे जात नाही.

जुनी किडनी काढून तिथे नवी बसवतात का?

सहसा नाही. जुन्या दोन्ही तशाच राहतात. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, उजव्या किंवा डाव्या बाजूला, मांडीच्या वर बसवतात. तिच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि मूत्रनलिका लघवीच्या पिशवीला जोडतात. साधारण तीन-चार तास लागतात. जुनी किडनी फारच मोठी झाली असेल किंवा तिच्यात वारंवार संसर्ग होत असेल तरच काढतात.

शुद्धीवर आल्यावर काय दिसेल?

मानेत एक नळी, पोटाजवळ निचऱ्याची नळी आणि लघवीची नळी. पलंगाच्या कडेला लघवीचं मोजमापाचं भांडं टांगलेलं असतं. नर्स दर तासाला वाकून पाहते, आकडा लिहिते आणि त्या हिशोबाने सलाइन लावते. लघवी सुरुवातीला गुलाबी दिसते, घाबरू नका. जिवंत दात्याची किडनी बहुतेकदा टेबलावरच लघवी करू लागते. कित्येक महिने लघवीच न झालेल्या माणसाला भरलेलं भांडं पाहून रडू येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मृत दात्याची किडनी कधी कधी काही दिवस, क्वचित काही आठवडे सुस्त राहते. त्या काळात डायलिसिस लागलं म्हणजे प्रत्यारोपण फसलं असं नाही. मूत्रनलिकेत ठेवलेला स्टेंट (एक बारीक नळी) काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात. ती तारीख लिहून ठेवा. विसरलेला स्टेंट पुढे फार त्रास देतो.

गोळ्या किती आणि किती दिवस?

किडनी काम करते आहे तोपर्यंत, रोज. बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) ही प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधं असतात. सुरुवातीचे काही महिने संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर अशी आणखी काही दिली जातात.

टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी फार कमी झाली तर शरीर किडनी नाकारतं, फार वाढली तर तेच औषध किडनीला इजा करतं. हात थरथरणं हे पातळी वाढल्याचं एक लक्षण. पातळीची तपासणी सकाळची गोळी घेण्याआधी करायची असते. सवयीने गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर आकडा खोटाच वाढलेला येतो आणि त्यावरून डोस चुकीचा ठरू शकतो. त्यामुळे गोळी खिशात ठेवून जा आणि रक्त दिलं की तिथेच घ्या. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर दोन वेळांत बारा तासांचं अंतर ठेवा. घ्यायची राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, केंद्राला विचारा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बदलू नका.

'आता वर्ष झालं, रिपोर्ट उत्तम आहेत' म्हणून गोळ्या स्वतःहून कमी करणारी माणसं आहेत. रिपोर्ट उत्तम आहेत ते गोळ्यांमुळे.

कुठल्या औषधांपासून लांब राहायचं?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं किडनीला घातक आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनस ही फळं टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि फिटसाठीचं फेनिटॉइन ती खाली आणतात. झाडपाल्याची औषधं, भुकट्या, प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे बंद. जी शक्ती आपण मुद्दाम दाबतो आहोत तिला चिथावायचं नसतं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य 'माझं किडनी प्रत्यारोपण झालं आहे' हे असू द्या.

रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, कसं ओळखायचं?

लघवी कमी होणं, वजन दोन-तीन दिवसांत वाढणं, पायांना सूज, रक्तदाब चढणं, ताप, नव्या किडनीच्या जागी दुखणं. पण बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढतं. म्हणूनच पहिल्या महिन्यांत आठवड्यातून दोनदासुद्धा रक्त तपासतात. शंका आली तर सुईने किडनीचा तुकडा घेऊन बायोप्सी करतात. लवकर सापडलेलं तीव्र रिजेक्शन बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येतं. एका वहीत रोजचं वजन, ताप, रक्तदाब आणि लघवी लिहीत जा.

संसर्गाची भीती किती बाळगायची?

पहिले तीन ते सहा महिने जास्त. हात धुवा, गर्दीत मास्क लावा, कच्चं किंवा अर्धकच्चं मांस-अंडी आणि न तापवलेलं दूध टाळा, माती हाताळताना हातमोजे घाला. ताप 38 अंश सेल्सियसपर्यंत गेला तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. औषधांमुळे काही कॅन्सरचा, विशेषतः त्वचेच्या कॅन्सरचा, धोका वाढतो. उन्हात अंग झाका आणि न भरणारी जखम दाखवा.

खाण्यापिण्याची पथ्यं सुटतात का?

बरीचशी सुटतात. पाण्यावरचं बंधन जातं, उलट भरपूर प्यायला सांगतात. पण स्टिरॉइडमुळे भूक वाढते, वजन चढतं आणि ज्यांना आधी मधुमेह नव्हता अशा काहींना तो होतो. मीठ आणि साखर बेतानेच घ्या.

नंतर मूल होऊ शकतं का?

हो. किडनी बरी झाली की प्रजननक्षमता परत येते, कधी कधी अपेक्षेपेक्षा लवकर. स्त्रियांनी निदान एक वर्ष थांबावं आणि किडनी स्थिर असावी. मायकोफेनोलेटमुळे गर्भाला व्यंग येऊ शकतं, म्हणून ते गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं. तोपर्यंत गर्भनिरोधन नीट वापरा.

सगळं छान झालं, तरी मन उदास का?

स्टिरॉइडने झोप आणि मनःस्थिती बिघडते. मृत दात्याची किडनी मिळालेल्यांना कधी कधी अपराधी वाटतं. जिवंत दाता घरातच असेल तर प्रत्येक तपासणीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांत प्रश्न दिसतो. दात्यालाही ऑपरेशननंतर रिकामं वाटू शकतं, कारण सगळे रुग्णाभोवती जमलेले असतात. दोघांनीही समुपदेशकाशी बोलावं. त्रास वाढण्याची वाट पाहू नये.

नवी किडनी किती वर्षं टिकते? बंद पडली तर?

जिवंत दात्याची साधारण 15 ते 20 वर्षं, मृत दात्याची 10 ते 15. हे सरासरी अंदाज आहेत. काहींची त्याहून खूप जास्त टिकते, काहींची लवकर थकते. तिचं काम हळूहळू कमी होत असेल तर पहिल्या वेळेसारखंच करायचं: ईजीएफआर 20 च्या आसपास आला की पुन्हा यादी, पुन्हा दात्याचा शोध. दुसरं, तिसरं प्रत्यारोपणही होतं. गोळ्या मात्र एकदम थांबवायच्या नाहीत. त्या झटक्यात बंद केल्या तर शरीरात नवी प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या वेळी जुळणारी किडनी मिळणं अवघड होऊन बसतं. हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) अजून चालू असेल तर तोही सांभाळा. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, तिथून रक्त काढू देऊ नका.